६१ खरे की १४३? चंद्रावरची विवरं मोजणाऱ्या एका वर्गासाठी

सर, आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडून घेतो, म्हणजे मी भलत्याच गोष्टीचं उत्तर देत बसायला नको. तुम्ही पारोळा तालुक्यात आठवीला विज्ञान शिकवता. चंद्राच्या एका फोटोच्या सात झेरॉक्स काढल्या, सात गटांना दिल्या आणि विवरं मोजायला सांगितली. आकडे सात आले. सगळ्यात कमी ६१, सगळ्यात जास्त १४३. मग एका मुलीने विचारलं, की एका फोटोवर आपलं एकमत होत नाही, तर शास्त्रज्ञ विवरं मोजून तिथल्या जमिनीचं वय कसं काय सांगतात? तिला काय सांगू, असं तुम्ही विचारलंय.

मी जळगावला भूशास्त्र शिकवतो. पीएचडी विवरं मोजण्यावरच झाली आणि पुढची वीसेक वर्षंही बरीचशी त्यातच गेली. वडील एरंडोल तालुक्यातले शेतकरी. एकदा माझ्या मागे उभे राहून ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "खड्डा मोजाना पगार भेटस का तुले?" त्यांची शंका आणि तुमच्या विद्यार्थिनीची शंका मला एकाच जातीची वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिच्या प्रश्नात खरं म्हणजे दोन प्रश्न आहेत. एक, फोटो तोच असताना आकडे वेगळे का? दोन, आकडा ठरला तरी त्यातून वय कसं निघतं? पहिला सुटल्याशिवाय दुसऱ्याला हात घालण्यात अर्थ नाही.

पहिल्याबद्दल आधी एक दिलासा. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच कामात मुरलेल्या आठ जणांना चंद्राचे तेच ते भाग मोजायला दिले होते. त्यांच्या आकड्यांत कुठे कुठे ४५ टक्क्यांपर्यंत तफावत निघाली. ही सगळी रोज विवरं बघणारी माणसं. त्यामुळे आठवीच्या पोरांना कुणी नावं ठेवत असेल तर त्याला हे सांगा. मी स्वतः तोच तुकडा सहा महिन्यांनी पुन्हा मोजतो तेव्हा शंभरात आठ-दहाचा फरक पडतो. दुपारच्या जेवणानंतर मोजलं तर जरा जास्तच.

तुमचा फोटो कुठला, किती उंचीवरून घेतलेला, ऊन कोणत्या बाजूचं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पुढचं बरंचसं त्यावर अवलंबून आहे. तरी एक गोष्ट फोटो न बघता सांगतो: तुमच्या सात गटांचं मोठ्या विवरांवरून भांडण नाही. भांडण बारक्यांवरून आहे.

तुम्ही मुलांना "विवरं मोजा" म्हणालात. "किती मोठी?" हे सांगितलं होतं का? बहुतेक नसणार, कारण मीही पहिल्या वर्षी सांगितलं नव्हतं. लहान विवरं मोठ्यांपेक्षा नुसती जास्त नसतात, अफाट जास्त असतात. एक किलोमीटरपेक्षा लहान विवरांमध्ये व्यासाची खालची मर्यादा निम्म्यावर आणली, की संख्या चौपट ते आठपट होते. आता समजा एका गटाने कागदावर ३ मिलिमीटरपर्यंतची विवरं टिपली आणि दुसऱ्याने डोळे बारीक करून २ मिलिमीटरपर्यंतची. एवढ्या एका मिलिमीटरने आकडा सव्वादोनपट ते सव्वातीनपट वाढतो. ६१ ला सव्वादोनने गुणून बघा: १३७. तुमचे १४३ तिथून फार लांब नाहीत. म्हणजे दोन्ही गट बरोबर असू शकतात. त्यांनी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली एवढंच.

म्हणून आमच्यात नुसता आकडा कुणी बोलत नाही. मंगळावरच्या विवरांची २०१२ ची जी मोठी यादी आहे, तिच्यातला ३,८४,३४३ हा आकडा "व्यास १ किलोमीटर किंवा अधिक" या अटीला बांधलेला आहे. अट सोडली तर आकड्याला अर्थ उरत नाही.

ही खालची मर्यादा आपल्या मनाने ठरत नाही, फोटो ठरवतो. विवर आडवं किमान १० पिक्सेल, म्हणजे फोटो ज्या बारीक ठिपक्यांचा बनतो तसे दहा ठिपके, भरत नसेल तर त्यावर भरवसा ठेवायचा नाही, असा आमच्यात रिवाज आहे. चांद्रयान-३ ची प्रज्ञान गाडी २७ ऑगस्ट २०२३ ला एका विवरापुढे थांबली होती, ते तुमच्या मुलांना आठवत असेल. विवर होतं ४ मीटर व्यासाचं, गाडीपासून ३ मीटरवर. गाडीला परत फिरवावं लागलं. नासाच्या चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाच्या फोटोत एक पिक्सेल साधारण अर्ध्या मीटरचा असतो. तिथे हे विवर जेमतेम ८ पिक्सेलचं दिसेल, म्हणजे मी ते यादीत घेणार नाही. चांद्रयान-२ च्या कॅमेऱ्याचा पिक्सेल त्याच्याही निम्मा, पाव मीटरच्या आसपास. तिथे तेच विवर १६ पिक्सेलचं, म्हणजे हक्काने यादीत. जमिनीवरचा खड्डा काही बदललेला नाही.

आणि सर, झेरॉक्स नको. करड्या छटा मारल्या जातात आणि बारीक विवरांची कड त्या छटांतच असते. सात झेरॉक्स म्हणजे सात वेगळे फोटोच समजा.

आता उन्हाचं. पौर्णिमेला दुर्बिणीतून चंद्र बघायला बोलावलेले पाहुणे हिरमुसून जातात, कारण सूर्य समोरून असतो, सावल्या नसतात आणि सगळं सपाट, पांढरं फटक दिसतं. अष्टमीच्या चंद्रावर उजेड-अंधाराच्या सीमेपाशी बघा, दोन बोटं खोल खड्डासुद्धा लपत नाही असं वाटतं. त्याच जागेचे सकाळच्या उन्हातले आणि भर दुपारचे फोटो दोन वेगळे आकडे देतात. तुमच्या गटांचा फोटो एकच होता, त्यामुळे हा फरक तिथे नाही. पण उन्हाचा दुसरा एक घोळ असतो. आपल्या डोळ्याला उजेड वरून येण्याची सवय. फोटोत ऊन खालच्या बाजूने आलेलं असेल तर खड्डे फुगून टेकड्यांसारखे दिसतात. एखाद्या गटाने कागद उलटा धरला असेल तर ६१ तिथूनही येऊ शकतात. माझ्याकडची एक विद्यार्थिनी दोन दिवस "इथे विवरं नाहीत, नुसते उंचवटे आहेत" म्हणून अडून बसली होती. मी कागद फिरवला. ती काहीच बोलली नाही, सरळ खोडरबर घेतलं.

इथपर्यंतचं सगळं नियम ठरवले की मिटतं. पुढचं मिटत नाही आणि मला स्वतःला सगळ्यात रस तिथेच आहे.

मे महिन्याच्या शेवटी आपल्याकडच्या गाडीवाटेवर घोटाभर फुफाटा साचलेला असतो. वळवाचे पहिले टपोरे थेंब त्यात पडतात तेव्हा बघा. प्रत्येक थेंबाचा वेगळा खड्डा, गोल, कडेला मातीची बारीक वळी. पहिल्या अर्ध्या मिनिटात ते मोजता येतात आणि जितके खड्डे तितके थेंब. थोड्या वेळाने नवे थेंब जुन्या खड्ड्यांवर पडू लागतात. एक नवा होतो, एक जुना पुसला जातो. त्यानंतर पाऊस दहा मिनिटं पडो की अर्धा तास, खड्ड्यांची संख्या तीच. आता पाऊस थांबल्यावर आलेल्या माणसाने खड्डे मोजून काय सांगावं? एवढंच, की निदान अमुक वेळ तरी पडला. जास्त किती, ते त्या मातीला ठाऊक नाही.

चंद्रावर तेच होतं, फक्त थेंबांच्या जागी उल्का. काळपट सपाट मैदानांवर, ज्यांना आपण सागर म्हणतो तिथे, साधारण शे-दोनशे मीटरपेक्षा लहान विवरांची गत या फुफाट्यासारखी असते. त्यांच्यावरून मैदानाचं वय काढायचं नसतं. आपण त्या अवस्थेत आहोत हे ओळखायची खूण म्हणजे वर सांगितलेली पट. व्यास निम्मा केल्यावर संख्या आठपटीच्या जवळ वाढत असेल तर खड्डे टिकून आहेत. वाढ चौपटीवर आली की समजायचं, जुने पुसले जाताहेत. मुलांना परातीत चाळलेली राख भरून त्यात हरभरा, तूर आणि ज्वारीचे दाणे टाकायला लावा आणि दर पन्नास दाण्यांनी मोजायला सांगा. ज्वारीचे खड्डे आधी "भरतील", हरभऱ्याचे सगळ्यात शेवटी. फक्त हा खेळ टिकण्या-पुसण्यापुरताच खरा, हेही सांगा. खरी उल्का सेकंदाला वीसेक किलोमीटर वेगाने येते आणि आपटल्यावर स्फोटासारखी फुटते. म्हणून तिरकी आली तरी विवर गोलच होतं. फारच आडवी आली तरच लांबुळकं. आणि उल्केपेक्षा विवर कितीतरी मोठं होतं: अमेरिकेत ॲरिझोनातलं सव्वा किलोमीटरच्या आसपासचं विवर साधारण ५० मीटरच्या लोखंडी उल्केचं आहे.

दुसरी न मिटणारी अडचण म्हणजे दुय्यम विवरं. आमच्या शेतात विहीर खणली तेव्हा मी सातवीत होतो. वरून काळी माती निघाली, तिच्या खाली मुरूम, मग काळा पाषाण. बाहेरच्या ढिगात मात्र सगळं उलटं: तळाला माती, त्यावर मुरूम, माथ्यावर पाषाण. पुढे लोणारच्या कडेवर उभा राहिलो तेव्हा हाच ढीग आठवला. तिथेही काठावर बेसॉल्टचे थर उलटे पडलेले आहेत. पान उलटावं तसे. विवर म्हणजे नुसता खड्डा नव्हे, बाहेर फेकलेला मालही त्यातच आला. आता चंद्रावर हवा नाही आणि गुरुत्व पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याचं, त्यामुळे हा माल लांब जातो आणि जिथे पडतो तिथे स्वतःची विवरं पाडतो. एका मोठ्या आघाताची पिलावळ. तुम्ही ती मोजलीत तर एकच घटना शंभर घटना म्हणून धरली जाते आणि जमीन आहे त्याहून म्हातारी ठरते.

फेकलेला दगड किती लांब जातो याचा एक नमुना आपल्याच मुलखात आहे. १८४३ साली खानदेशात मानेगावला एक उल्का पडली. ती डायोजेनाइट नावाच्या जातीची. ही जात वेस्टा या लघुग्रहाशी जोडली जाते. वेस्टाच्या दक्षिण ध्रुवावर जवळपास ५०० किलोमीटर रुंदीचं विवर आहे आणि वेस्टा स्वतःच सव्वापाचशे किलोमीटरच्या आसपास. अशा आघातांत उडालेले तुकडे फिरत फिरत पृथ्वीपर्यंत येतात. तुमच्या मुलांपैकी कुणाचं आजोळ मुक्ताईनगरकडे असेल तर त्याला हे आवर्जून सांगा.

दुय्यमांचा आकडा किती मोठा असू शकतो? मंगळावर झुनिल नावाचं एक १० किलोमीटरचं विवर आहे. त्या एकट्याने १० ते २०० मीटरची जवळपास एक कोटी विवरं पाडली असावीत असा अंदाज आहे. गुरूच्या युरोपा या चंद्रावरची लहान विवरं तर बहुतांश दुय्यमच. ओळखायची कशी? ती घोळक्याने असतात, ओळीने असतात, उथळ आणि थोडी वेडीवाकडी असतात, आणि ओळ मागे नेली तर एखाद्या मोठ्या विवराकडे बोट दाखवते. नेहमीच इतकी सरळ सापडत नाहीत. माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण यापायी गेलं. मैदानाचा एक छोटा तुकडा मी शेजारच्या भागापेक्षा बराच जुना ठरवला होता. मार्गदर्शकांनी नकाशा हातात घेतला, पेन्सिलीने सात-आठ विवरं जोडली आणि विचारलं, "ही माळ कुणाची?" माळ मागे नेली तर ऐंशी किलोमीटरवरच्या एका ताज्या विवरापाशी गेली. चार महिन्यांचं काम. परत मोजलं तर तुकडा शेजाऱ्यांच्याच वयाचा निघाला.

आता दुसरा प्रश्न, वयाचा. खड्ड्यांवरून पाऊस किती वेळ पडला हे सांगायचं तर मिनिटाला किती थेंब पडतात हे माहीत हवं. विवरं मोजून आपोआप कळतं ते एवढंच, की ही जमीन त्या जमिनीपेक्षा जुनी की नवी. वर्षांचा आकडा दगडांतून आला. अपोलो ११ ने १९६९ मध्ये आणलेल्या दगडांचं वय प्रयोगशाळेत साडेतीन ते पावणेचार अब्ज वर्षांच्या घरात निघालं, अपोलो १२ च्या जागचं ३.२ अब्जाच्या आसपास. मग त्याच जागांवरची विवरं मोजली. एका बाजूला वय, दुसऱ्या बाजूला दर चौरस किलोमीटरला अमुक आकाराची विवरं किती, असा आलेख तयार झाला. त्यातून हेही दिसलं, की सुरुवातीला हा पाऊस धो धो होता आणि गेली तीनेक अब्ज वर्षं रिमझिम आहे. ज्या जागेचा दगड हातात नाही, तिची विवरं मोजून या आलेखावर वय वाचायचं. युक्ती इतकीच.

या आलेखात एक मोठं भगदाड होतं. तीन अब्जांच्या पलीकडचे दगड भरपूर, कोपर्निकस विवराशी जोडलेला ८० कोटी वर्षांचा माल होता, टायको विवराचे अंदाजे ११ कोटी होते. मधली दोन अब्ज वर्षं कोरी. डिसेंबर २०२० मध्ये चीनच्या चांग-ई ५ ने नेमका त्या मधल्या वयाच्या मैदानातून पावणेदोन किलोच्या आसपास माल आणला. त्याआधी वेगवेगळ्या गटांनी विवरं मोजून त्या मैदानाला १ ते ३ अब्जांच्या दरम्यान वयं दिली होती. दगड म्हणाला २ अब्ज. तुमच्या विद्यार्थिनीला हे दोन्ही अंगांनी सांगा: अंदाज पसरट होते, हे खरं. पण ज्यांनी कधी तिथली चिमूटभर मातीही बघितली नव्हती त्यांचं उत्तर योग्य पट्ट्यात होतं, हेही खरं.

इतर ग्रहांवर भरवसा कमी होत जातो. मंगळासाठी चंद्राचाच आलेख वापरतात, थोडी दुरुस्ती करून, आणि वय दुपटीने चुकलं तरी कुणाला धक्का बसत नाही. शुक्रावर हजाराच्या आसपासच विवरं आहेत, तीही बारकी नाहीत, कारण दाट हवेत लहान उल्का वाटेतच संपतात. गुरूच्या आयओ या चंद्रावर तर उल्काघाताचं एकही विवर दिसत नाही. ज्वालामुखी सारखं नवं लिंपण घालत असतात. त्याच गुरूचा कॅलिस्टो मात्र आपला फुफाटा: जागाच उरलेली नाही.

हातात दगड असला म्हणजे वाद संपतात, असंही समजू नका. लोणार विवर १.८ किलोमीटरचं, आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, हवा तेव्हा दगड उचलून आणता येतो. एका पद्धतीने त्याचं वय सुमारे ५२ हजार वर्षं येतं, दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार. मी दुसऱ्याच्या बाजूने आहे, कारण ते आघातात वितळलेल्या खडकावरून आर्गॉन पद्धतीने काढलेलं आहे. पण या वादावर दुपारची जेवणं थंड झालेली मी पाहिली आहेत.

आता तुमच्या वर्गाकडे. तोच फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून दाखवा किंवा फोटो पेपरवर चांगली प्रिंट काढा. ऊन वरून येईल असा कागद धरायला सांगा. पेन्सिलीने चौकट आखा. विवराचा मध्य चौकटीत असेल तरच ते आपलं, हे आधी ठरवा, नाहीतर कडेवरच्यांवरून पुन्हा तंटा. खालची मर्यादा द्या, समजा ४ मिलिमीटर. झिजलेली, अर्धी बुजलेली विवरं असतात त्यांना वेगळी खूण करायला सांगा; मी त्यांच्यापुढे फक्त "शं" लिहितो, शंका म्हणून. ओळीतली आणि घोळक्यातली तिसऱ्या खुणेने. मग एकूण बेरीज फळ्यावर लिहूच नका. ४ ते ६, ६ ते १०, १० च्या पुढे असे रकाने करून सातही गटांचे आकडे शेजारी शेजारी मांडा. शेवटच्या रकान्यात सगळे जवळजवळ सारखे येतील, फक्त तिथे विवरं थोडी असल्याने योगायोगाची चूक मोठी राहते. ढोबळ नियम असा: आकड्याचं वर्गमूळ, तेवढी चूक. ६१ ला ८, १४३ ला १२. म्हणजे तुमचा मूळ फरक योगायोगाचा नव्हता हे मुलांना स्वतःलाच काढता येईल.

पहिल्या रकान्यात तरीही फरक राहीलच. त्या दोन गटांना शेजारी बसवून एकेक विवर ताडून बघू द्या. आमचं निम्मं काम असंच चालतं आणि आवाजही तेवढेच चढतात.

आणि सर, १४३ म्हणणाऱ्या गटाचे गुण कापले असतील तर ते परत द्या. त्यांनी झेरॉक्सवर एवढं बघितलं.